कातारी, श्वास आणि मोटरची शिट्टी

श्वासाकडे लक्ष कसं द्यायचं हे समजावताना बुद्धाने उदाहरण घेतलं ते काताऱ्याचं. कुरू देशातल्या कम्मासधम्म या गावी भिक्खूंना सतिपट्ठान, म्हणजे स्मृतीची साधना, सांगताना, श्वासाविषयीच्या आनापानाच्या भागात, त्याला राजा किंवा ऋषी आठवत नाही. आठवतो तो लाकूड फिरवून त्यावर हत्यार धरणारा कारागीर आणि त्याच्या हाताखालचा उमेदवार. दोरी लांब ओढली की ती लांब ओढली हे काताऱ्याला कळत असतं, आखूड ओढली की तेही कळतं. साधकाला आपला श्वास तसा कळावा, एवढंच म्हणणं. बुद्धघोषाच्या नावावर असलेल्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, याचा खुलासाही येतो: भेरीसारखी मोठी वस्तू कातताना कारागीर हातपाय पसरून लांब ओढ देतो आणि हस्तिदंताचं बारीक काम करताना हळूहळू, आखूड ओढ देतो. हे लिहिणाऱ्याने कातकामाची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असावी, असं या तपशिलावरून वाटतं.

तेव्हाची लेथ म्हणजे दोन टोकांत धरलेलं लाकूड आणि त्याला वेढा दिलेली दोरी किंवा चामड्याची वादी. वादी ओढली की लाकूड एका दिशेला फिरतं, परत खेचली की उलट फिरतं. हत्यार लाकडाला लागतं ते एकाच दिशेच्या फेऱ्यात. परतीच्या फेऱ्यात ते किंचित मागे घ्यावं लागतं. आत येणं आणि बाहेर जाणं, एकात काम आणि एकात विश्रांती. श्वासाला याहून जवळचा दाखला कारागिरीच्या जगात सापडणं अवघड आहे. आवाज त्याही लेथला होता. वादी करकरायची, टोकांवर लाकूड कुरकुरायचं. पण तो आवाज हाताचा होता. हात थांबला की तोही थांबायचा.

मोटर आली आणि हा संबंध तुटला.

आज वेग कमी-जास्त करता येणारी लेथ चालू केली, की लाकडाला हत्यार लागण्याआधीच एक बारीक, उंच शिट्टी सुरू होते. तिच्याखाली एक घुमणारी गुणगुण असते. कारागीर हत्यार उचलून बाजूला ठेवतो, विचार करतो, पाणी पितो. शिट्टी चालूच राहते. काहींना ती जाणवतही नाही. काहींना त्या शिट्टीने तासाभरात जीव नकोसा होतो. त्यांना हमखास मिळणारा सल्ला ठरलेला असतो: लक्ष देऊ नका, मन कामात घाला, सवय होईल. या सल्ल्याला अध्यात्माची झालर लावायला कुणालाच वेळ लागत नाही. दोष आवाजात नाही, ऐकणाऱ्याच्या मनात आहे, असं सांगितलं की सांगणारा मोकळा होतो.

हे खरं आहे का, हा प्रश्न वर्कशॉपपुरता नाही. भारतीय दर्शनांनी तो फार गंभीरपणे हाताळला आहे. पण दर्शनांकडे जाण्याआधी आवाज येतो कुठून ते नीट पाहायला हवं, कारण ज्याचं कारण पाहिलं नाही त्याच्याबद्दल उपदेश करणं हे धर्मालाही धरून नाही.

वेग बदलणाऱ्या बऱ्याच लेथमध्ये थ्री-फेज मोटर असते. घरच्या सिंगल-फेज विजेवर ती चालावी म्हणून मध्ये एक इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवतात. कारखान्यात त्याला व्हीएफडी म्हणतात. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी वीज तो सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत बदलतो आणि मग ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिचे तुकडे पाडतो. हे तुकडे रुंद-अरुंद केले की मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज मिळते. मोटरच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांची थप्पी असते. प्रत्येक चालू-बंदचा चुंबकी झटका त्या पत्र्यांना बसतो, ते अतिसूक्ष्म थरथरतात, आणि मोटरचं कवच ती थरथर हवेत सोडतं. चालू-बंदचा दर सेकंदाला ४००० असेल तर शिट्टी त्याच्या आसपास किंवा दुपटीला उमटते. पियानोची सगळ्यांत उंच पट्टी ४१८६ हर्ट्झची असते, यावरून अंदाज यावा. माणसाचा कान सगळ्यांत तल्लख असतो तो २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे ही शिट्टी नेमकी कानाच्या सगळ्यांत हळव्या जागी येऊन पडते. ती ज्याला टोचते, त्याचं मन कमकुवत आहे असा निष्कर्ष काढण्याआधी एवढं शरीरशास्त्र माहीत असलेलं बरं.

खालची गुणगुण वेगळी. ड्राइव्हशिवायच्या सिंगल-फेज मोटरमध्ये ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात चुंबकी ओढ दोनदा वाढते आणि दोनदा ओसरते, म्हणून ती १०० हर्ट्झची असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे गुणगुण १२० हर्ट्झची. लेथचा स्टँड पोकळ पत्र्याचा असेल तर तो तिला मोठं करतो. म्हणून कातकाम करणारे स्टँडच्या पोटात वाळूच्या पिशव्या ठेवतात. महिनोन्‌महिने एकाच जागी ताणून राहिलेल्या पट्ट्याला बाक येतो आणि तो फिरताना ठराविक अंतराने थडथडतो. बेअरिंग झिजली की घरघर लागते. ड्राइव्हमधून निघणारा आणखी एक उपद्रव कानाला थेट ऐकूच येत नाही: तो तारांतून आणि हवेतून पसरतो आणि शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर, विशेषतः आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर, खरखर होऊन बाहेर पडतो. शेजाऱ्याच्या घरात काय चाललं आहे, याचा लेथवाल्याला पत्ताही नसतो.

आता विचारात पाडणारा भाग येतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये स्वरसंवेदनेवरच्या आपल्या ग्रंथात संगीतस्वर आणि गोंगाट यांच्यात स्पष्ट रेघ ओढली. नियमित, आवर्ती कंपनं म्हणजे स्वर. अनियमित, एकमेकांत मिसळलेली कंपनं म्हणजे गोंगाट. ही कसोटी लेथला लावून पाहावी. ड्राइव्हची शिट्टी अत्यंत नियमित आहे, म्हणजे ती स्वराच्या बाजूला जाते. आणि गाउज हे कातकामाचं धारदार हत्यार ओल्या लाकडावरून जाताना जो सरसर आवाज होतो, लांब सालपटं उडत असताना जो ऐकून कोणताही कातारी सुखावतो, तो पुरता अनियमित आहे, म्हणजे गोंगाट. इंजिनिअरांनी शिट्टीवर शोधलेला एक उपाय तर हेच वेगळ्या वाटेने सिद्ध करतो. काही ड्राइव्ह चालू-बंदचा दर एकच न ठेवता मुद्दाम अनियमितपणे बदलत राहतात. मग एका जागी टोचणारी शिट्टी मोडून तिचा पसरट सुस्कारा होतो आणि तो सुसह्य वाटतो. स्वराचा गोंगाट केला, आणि माणसाला बरं वाटलं.

याचा अर्थ असा की नकोसा आवाज ओळखायला भौतिकशास्त्राची पट्टी पुरत नाही. वैशेषिकांनी हे त्यांच्या पद्धतीने फार पूर्वी मांडून ठेवलं होतं. त्यांच्या पदार्थविचारात शब्द हा आकाशाचा गुण. तो क्षणिक असतो, एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा कानापर्यंत पोचतो. भेरीचा तो ध्वन्यात्मक, भाषेचा तो वर्णात्मक. पण त्याच गुणांच्या यादीत इच्छा आणि द्वेष, सुख आणि दुःख हेही आहेत, आणि ते आकाशाचे नाहीत, आत्म्याचे आहेत. तेव्हा ‘नकोसा आवाज’ असं म्हणताना आपण दोन वेगवेगळ्या द्रव्यांचे गुण एका श्वासात बोलतो. आवाज बाहेरचा, नकोसेपण आतलं. ही फोड अचूक आहे. तिचा उपयोग मात्र बहुतेकदा चुकीचा होतो. नकोसेपण आतलं आहे म्हणजे ते खोटं आहे, किंवा ज्याचं त्याने निस्तरायचं आहे, असं वैशेषिक म्हणत नाहीत. सुख-दुःखही आत्म्याचेच गुण, म्हणून कुणी कुणाच्या दुःखाला खोटं म्हणत नाही.

महाराष्ट्राच्या मातीत याच प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळालेलं आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार तो मानतो. आघाताशिवायचा अनाहत नाद योग्यांचा, तो गुरूने दाखवलेल्या वाटेने साधायचा आणि मुक्ती देणारा. पण त्यात रंजन नाही. लोकांचं मन रमवतो तो आघातातून उठलेला नाद, आणि शार्ङ्गदेव आपला सगळा ग्रंथ त्या आहत नादाला वाहतो. या निवडीत मोठं शहाणपण आहे. बाहेरचा आवाज तुच्छ मानून आत वळणं ही एक वाट झाली. पण जग ज्या आवाजांनी भरलेलं आहे त्यांची पारख करणं, त्यांतला कोणता ठेवावा आणि कोणता टाळावा हे ठरवणं, हेही साधनेचंच काम आहे असं तो आचरणातून सांगतो.

बौद्ध ग्रंथांत या प्रश्नाची गाठ अधिक घट्ट बसते, कारण तिथे दोन्ही बाजूंचे दाखले आहेत आणि ते एकमेकांना सहजी मिळत नाहीत. महापरिनिब्बान सुत्तात आळार कालामाचा शिष्य पुक्कुस मल्ल बुद्धाला मोठ्या अभिमानाने सांगतो, की आपले गुरू झाडाखाली बसले असताना अगदी जवळून ५०० गाड्या गेल्या. गुरू जागे होते, शुद्धीवर होते, तरी त्यांना गाड्या दिसल्या नाहीत आणि त्यांचा आवाजही ऐकू आला नाही. त्यावर बुद्ध आतुमा गावचा आपला अनुभव सांगतो. तिथल्या भुसाच्या कोठारात तो बसला असताना धो धो पाऊस झाला, वीज पडली, दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल ठार झाले. गर्दी जमली तेव्हा त्याला हे कळलं. तो जागाच होता. ही गोष्ट वाचून कुणालाही वाटेल, की ऐकू न येणं हेच ध्यानाचं शिखर.

पण अंगुत्तर निकायात कंटक सुत्त आहे. वैशालीच्या महावनातल्या कूटागारशाळेत बुद्ध काही नावाजलेल्या थेरांसह, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंसह, राहत होता. त्याला भेटायला लिच्छवी सरदार रथांचा धडधडाट करत, मोठमोठ्याने बोलत येऊ लागले. थेरांनी आपसात ठरवलं, की ध्यानाला आवाज हा काटा आहे असं भगवंतांनीच सांगितलं आहे, तेव्हा इथून जावं. आणि ते गोसिंग सालवनात निघून गेले. बुद्धाला हे कळलं तेव्हा त्याने त्यांना दूषण दिलं नाही. ते बरोबर वागले असं म्हणाला आणि काट्यांची यादीच सांगितली. पहिल्या ध्यानाला आवाज हा काटा, हे त्या यादीत स्पष्ट आहे. मन पक्कं करा, सवय होईल, असं तो कुठेही म्हणत नाही. चातुमा गावी तर याच्या पुढची गोष्ट घडली. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याबरोबर आलेल्या ५०० भिक्खूंनी निवासाची जागा ठरवताना, पात्रं-चीवरं ठेवताना एवढा कल्लोळ केला, की बुद्धाने त्यांना सरळ परत जायला सांगितलं. पुढे शाक्यांनी आणि ब्रह्मा सहंपतीने रदबदली केली तेव्हा त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. ज्याने आतुमाची वीज ऐकली नाही, त्यानेच चातुमाचा गलबला खपवून घेतला नाही.

हा विरोध सोडवण्याची किल्ली मज्झिम निकायाच्या अगदी शेवटच्या सुत्तात आहे. कजंगल या गावी उत्तर नावाचा एक तरुण बुद्धाला भेटतो. त्याचे गुरू इंद्रियभावना, म्हणजे इंद्रियं साधणं, शिकवत असतात. कशी, असं बुद्ध विचारतो. तो तरुण सांगतो, की डोळ्यांनी रूप पाहायचं नाही, कानांनी शब्द ऐकायचा नाही. यावर बुद्धाचा प्रतिवाद एका वाक्याचा आहे आणि तो आजही निरुत्तर करतो: तसं असेल तर आंधळ्याची आणि बहिऱ्याची इंद्रियं सगळ्यांत साधलेली म्हणावी लागतील. उत्तर खाली मान घालून गप्प बसतो.

हा प्रतिवाद वर्कशॉपच्या दारात उभा राहून पुन्हा ऐकावा. वर्षानुवर्षं पट्टा-करवत आणि रंध्याच्या यंत्राशेजारी कान उघडे ठेवून काम केलेल्या माणसाचं ऐकणं प्रथम खालावतं ते साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. कानाच्या डॉक्टरांच्या आलेखात तिथे एक खाच दिसते, आणि ती पाहून आवाजाने झालेली इजा ओळखतात. ड्राइव्हची शिट्टी जिथे वाजते त्याच्या अगदी शेजारी ही खाच असते. शिवाय वयाबरोबर उंच स्वर आधी जातात. त्यामुळे एकाच लेथपाशी उभा असलेला विशीचा उमेदवार शिट्टीने हैराण होतो आणि साठीचे उस्ताद म्हणतात, कुठे काय वाजतं आहे? उस्तादांची शांती ही साधना नाही. ती जखम आहे. ती भरून येत नाही, कारण कानाच्या शंखातल्या एकदा मेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. ज्या सवयीचा सल्ला इतक्या सहज दिला जातो, तिच्यात किती भाग मनाच्या समतेचा आणि किती भाग मेलेल्या पेशींचा, हे सल्ला देणाऱ्याने एकदा तपासून घ्यावं.

मराठी मनाला इथे तेरचे गोरोबाकाका कुंभार आठवल्यावाचून राहणार नाहीत. विठ्ठलाच्या नामात देहभान हरपून ते चिखल तुडवत होते आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं, त्यांना कळलं नाही, अशी कथा संतपरंपरेने जपली आहे. या कथेचा शेवट देवाच्या कृपेने गोड होतो. पण परंपरेने आईचा आकांत गाळलेला नाही. हे फार महत्त्वाचं आहे. भक्तीची तन्मयता मोठी आहे हे सांगतानाच, ज्याच्या हाताखाली किंवा पायाखाली काम चालू आहे त्याला ऐकू न येणं किती भयंकर असू शकतं, हेही या कथेने लपवलेलं नाही.

म्हणूनच बुद्धाने श्वासासाठी काताऱ्याचा दाखला घेतला, हे नेमकं वाटतं. आतुमाच्या कोठारात बसलेल्या माणसाच्या हातात धारदार हत्यार नव्हतं. काताऱ्याच्या हातात असतं. त्याला काही ऐकू येईनासं झालं तर ते त्याचं शिखर नव्हे, अपघात ठरतो. लेथवर समाधी लागून चालत नाही, स्मृती लागते: जे चाललं आहे ते चालू असतानाच कळणं. चन्नपट्टणच्या खेळण्यांचं काम पाहावं. काळ्या कुड्याचं पांढरं, मऊ लाकूड फिरत असतं, रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या पातीने तिला चकाकी आणतात. दाब कमी पडला तर लाख धरत नाही, जास्त झाला तर करपते. कारागिराचं सगळं शरीर त्या एका ठिकाणी जागं असतं. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी फळांमुळे आणि खेळण्यांमुळे लाकूडकामातली ही जागरूकता कोकणालाही परकी नाही.

आणि या जागेपणात कान हा डोळ्याच्या बरोबरीचा साक्षीदार आहे. हत्यार बोथट झालं की सरसर जाऊन खरवड ऐकू येते. लाकडाला आत तडा असेल तर दर फेऱ्याला एक बारीक टक उमटते. ६०० फेऱ्यांच्या वेगाला सेकंदात १० वेळा. ती टक वेळेवर ऐकली तर लेथ बंद करून लाकूड उतरवता येतं. नाही ऐकली तर तेच लाकूड फुटून तोंडावर येतं. सतत वाजणारी शिट्टी हे बारीक आवाज झाकून टाकते. तिच्याविरुद्धची सगळ्यांत भक्कम तक्रार हीच आहे. ती त्रास देते हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे ती ऐकण्याच्या जागेवर अतिक्रमण करते. ध्यानाचा काटा म्हणून थेरांनी ज्याचं नाव घेतलं ते याहून वेगळं नव्हतं.

मग करायचं काय? इथे बौद्ध विचारातला आणखी एक धागा थेट हातात येतो. बोधीच्या सात अंगांमध्ये स्मृतीच्या पाठोपाठ धम्मविचय येतो: जे जाणवलं त्याची छाननी. आणि छाननीची रीत कार्यकारणाची: कशाच्या असण्याने हे असतं, कशाच्या थांबण्याने हे थांबतं. लेथचे जुने जाणकार आवाजाचा माग काढतात तो अगदी याच रीतीने, मग त्यांनी पिटकांचं नावही ऐकलेलं नसो. लेथ पूर्ण वेगात असताना मोटरची वीज एकदम तोडायची आणि ऐकायचं. चाक अजून फिरत असतं. आवाज त्याच क्षणी मेला तर तो विजेचा आहे, ड्राइव्हचा किंवा मोटरच्या चुंबकी थरथरीचा. चाकाबरोबर हळूहळू उतरत गेला तर तो यंत्राचा आहे, बेअरिंगचा किंवा पट्ट्याचा. मग पट्टा काढायचा आणि मोटर एकटी चालवायची. घरघर राहिली तर ती मोटरच्या बेअरिंगची. गेली तर ती पुढच्या बाजूची, पट्ट्याची किंवा लेथच्या मुख्य दांड्याची. तो दांडा हाताने हळू फिरवला की बोटांना खडे लागल्यासारखं जाणवतं.

कारण सापडलं की उपायही बहुधा साधा निघतो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये चालू-बंदचा दर सेटिंगमधून वाढवता येतो. तो १२ किंवा १६ किलोहर्ट्झवर नेला की शिट्टी बहुतेक प्रौढांना फारशी ऐकू येत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: ड्राइव्ह जास्त तापतो, त्याची क्षमता थोडी कमी धरावी लागते. रेडिओची खरखर फिल्टर बसवून, ड्राइव्ह ते मोटर शिल्डेड केबल घालून आणि अर्थिंग नीट करून आटोक्यात येते. ही कामं माहीतगार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत, कारण वीज तोडल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणा दाब शिल्लक असतो. बाकी पट्टा बदलणं, बेअरिंग बदलणं, पायांखाली रबर, पोटात वाळू. यातल्या कशालाही साक्षात्कार लागत नाही. त्रास होतो आहे हे मान्य करणं मात्र लागतं.

हे सगळं करूनही काही आवाज उरतोच. यंत्र आहे, ते बोलणार. त्या उरलेल्या आवाजापाशी समता हा शब्द खरा होतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. दहा दिवसांच्या शिबिरात साधक आर्य मौन पाळतात, आणि त्या मौनाची काळजी सगळी व्यवस्था घेते. पण इगतपुरी हे कसारा घाटाच्या माथ्यावरचं रेल्वेचं गाव आहे. गाड्या साधकांसाठी थांबत नाहीत. जे टाळता येतं ते टाळलेलं असतं, आणि जे टाळता येत नाही ते जसं आहे तसं जाणायचं असतं. हा क्रम उलटा केला, की साधना ही आळसाची आणि बेपर्वाईची ढाल होते.

आणि समता नेहमी स्वतःकडून मागायची असते, शेजाऱ्याकडून नाही. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लेथची शिट्टी या आकड्यांच्या आत राहूनही भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडू शकते, कारण कायदा आवाज किती मोठा ते मोजतो. तो किती टोचतो हे ज्याच्या कानात जातो त्यालाच विचारावं लागतं. विचारणं हे लेथवाल्याचं कर्तव्य आहे. चातुमाला बुद्धाने ध्यानस्थांना सहन करायला सांगितलं नाही, कल्लोळ करणाऱ्यांना परत पाठवलं, हे विसरू नये.

तेव्हा ज्यांच्या घरात किंवा कारखान्यात लेथ आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: तक्रार करणाऱ्याला मनाचे धडे देण्याआधी वीज तोडून ऐका, पट्टा काढून ऐका. करवत आणि रंधा चालू असताना कानांना संरक्षण घाला, आज घाला. आणि नवी लेथ घ्यायला जाल तेव्हा ती दुकानातच, सगळ्या वेगांवर, चालू करून घ्या, आणि घरातलं एखादं दहा-बारा वर्षांचं मूल बरोबर न्या. तुम्हाला काहीच ऐकू येत नसताना ते म्हणालं की शिट्टी वाजते आहे, तर त्याचं खरं माना.